चार किलो वाळू

मिलिंद, तुझ्या अंत्ययात्रेचाही मला हेवा वाटला. आता तूच बघ, कसली बहीण दिली होती तुला आईअप्पांनी. धारवाडला केलगेरीच्या त्या चढावर माणसं मावत नव्हती. माजी सैनिक छातीवर पदकं लावून आले होते, तुझ्या फौजभरतीच्या वर्गातल्या पोरी एकसारख्या टीशर्टात रांग धरून उभ्या होत्या, आणि तुझी बायको सुजाता रडून रडून अर्धी झाली होती तरी ताठ होती, कारण सगळे तिच्याकडे मानानं बघत होते. मी मागे, कुणाच्या तरी चपला बाजूला करत. माझ्या मनात आलं, मी मेले तर किती जण येतील? हुबळीत कोप्पीकर रोडवरच्या त्या वकिलाच्या ऑफिसातले दोघं-तिघं आणि केशवापुरातल्या गल्लीतल्या बायका. सख्खा भाऊ समोर आडवा असताना माणसाला असलं काही सुचावं? मला सुचलं.

आज बारा दिवस झाले. परवा तुझं पुण्यानुमोदन, दहाव्याचा कार्यक्रम, झाला. तिथं जे घडलं ते तुला सांगायला बसले आहे. पण त्याआधी पस्तीस वर्षांपूर्वीच्या तुझ्या त्या दोन महिन्यांच्या सुट्टीबद्दल बोलायला हवं. त्या सुट्टीत मी तुझी एक फसवणूक केली होती. तू असेपर्यंत ती सांगायचं धाडस झालं नाही. दर सुट्टीला वाटायचं, या वेळी सांगू. मग तू दारात यायचास, गल्ली तुझ्याभोवती गोळा व्हायची, आणि मी चहा टाकायला आत जायची.

तू बावीस वर्षांचा होतास, मी पंचवीसची. पायदळात चार वर्षं काढून तू स्पेशल फोर्सला नाव दिलं होतंस. तिथं तीन महिने प्रोबेशन असतं, ते लोक माणसाला पिळून पिळून बघतात आणि बहुतेकांना जिथून आले तिथं परत पाठवतात, हे तू जेवताना सांगितलंस तेव्हा आईचा घास हातातच राहिला. अप्पा मात्र खूश. रेल्वेच्या वर्कशॉपात खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून आयुष्य काढलेला माणूस, त्यानं दुसऱ्याच दिवशी भंगारातून एक लोखंडी पाइप आणून तुझ्या हातात दिला. रायफलीच्या वजनाचा. तू तो छातीशी धरून अंगणात पळून दाखवलास आणि शेजारच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग माझ्याकडे वळून म्हणालास, "अक्का, तू माझी उस्ताद."

मी हुरळले, खोटं कशाला सांगू. शाळेत असताना जिल्ह्याच्या पंधराशे मीटरला मी पहिली आले होते. त्याचा कप आईनं चमचे ठेवायला काढला होता. त्यानंतर माझं पळणं म्हणजे बस पकडण्यापुरतं. मी वकिलाकडे टाइपरायटर बडवत होते, कुणीतरी पसंत करायची वाट बघत होते. तू उस्ताद म्हणालास आणि मला वाटलं, आपल्यालाही बोलावणं आलं.

पहाटे आपण गदग रोडला लागायचो. अडीच किलोमीटरच्या दगडापर्यंत जाऊन परत, असे पाच. तुझ्या पाठीवर पिट्टू, म्हणजे फौजी पाठपिशवी, त्यात वाळूची पिशवी, वीस किलो. वजन करायचं काम माझं. बसण्णांच्या लाकडाच्या वखारीत जमिनीवरचा मोठा काटा होता, तिथं मी आदल्या दिवशी संध्याकाळी पिशवी तोलून आणायची. वाळू दमट झाली की वजन बदलतं, म्हणून तू रोज तोलायला लावायचास. मी आईची जुनी साडी कासोटा घालून नेसून, हातात अप्पांचं घड्याळ घेऊन तुझ्यापुढे पळायची. पुढे, हे लक्षात ठेव. पाठीवर काही नसलं की मी नेहमी तुझ्यापुढे असायची, आणि तू मागून धापा टाकत म्हणायचास, "मोकळ्या अंगानं कोण पण पळंल की."

घरी आल्यावर आई तुझे पाय तुरटीच्या पाण्यात बुडवायची, कातडं टणक व्हावं म्हणून. तुझा श्वास अजून जागेवर आला नसायचा तेव्हा मी ताटातल्या वस्तू क्षणभर दाखवून त्यांवर पंचा टाकायची. सुई, बटण, हरभरा, तिकीट, तुटकी बांगडी, अशा वीस. दमलेला मेंदू काय काय लक्षात ठेवतो ते तिकडं तपासतात म्हणे. तू चौदावर अडकायचास, कधी सोळावर. मला वीसच्या वीस पाठ, आणि मी ताट मांडलं म्हणून नव्हे. तू मांडलेलं ताटही मी एकदा बघून सांगितलं होतं. तेव्हा तू हसून विषय बदलला होतास.

सगळ्यात गंमत शिव्यांची होती. तुझ्या युनिटमधल्या कुणी सांगितलं होतं की तिकडं मारत नाहीत, बोलतात. माणसानं स्वतःहून हात वर करून जातो म्हणावं, इतकं बोलतात. म्हणून शिव्या खायचा सराव हवा. तू म्हणालास, "अक्का, तुझ्यासारखी जीभ गल्लीत कुणाची नाही. बोल मला." आणि मी बोलले. तू शेवटच्या चढाला वाकलास की मी उलटी पळत, तुझ्या तोंडाकडे बघत, आधी कन्नडमध्ये सुरू करायची. "मनीगे होगो! घरी जा! आईच्या पदराखाली जा! अळ्तीयेनो? रडतोस काय रे?" रस्त्यानं जाणारे बैलगाडीवाले थांबून बघायचे. एकानं तर मलाच विचारलं, पोरानं काय चोरलं म्हणून. हसून हसून तुझा दम गेला आणि त्या दिवशीची वेळ वाया गेली.

पण हळूहळू त्या शिव्यांत खरं यायला लागलं. "तुला पोरगा म्हणून जन्म मिळाला, बाकी तुझ्यात आहे काय?" हे मी सरावासाठी म्हणाले नव्हते. तुला ते कळलं का, मला माहीत नाही. तू पाय उचलत राहिलास.

आणि मग तो रविवार. तू पाचव्यांदा की सहाव्यांदा ते मोकळ्या अंगाचं म्हणालास आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, आण इकडं. तुझा पिट्टू पाठीवर चढवला, पट्टे आवळले, हातात पाइप घेतला आणि पळाले. पहिल्या किलोमीटरला वाटलं खांदे निखळतील. मग कुठंतरी शरीरानं ते ओझं आपलं म्हटलं. परत आले तेव्हा घड्याळ तुझ्या हातात होतं. तुझ्यापेक्षा एक मिनिट मागे. फक्त एक मिनिट, आणि ते माझं पहिलंच पळणं. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मी तशीच, पाठीवर पिट्टू घेऊन, गल्लीत शिरले. मला कुणीतरी बघावं असं वाटत होतं. बघितलं ते अप्पांनी.

"काय गं हे? पोरीच्या जातीनं पोतं पाठीवर घेऊन रस्त्यानं पळायचं?"

"अप्पा, मिलिंदपेक्षा एकच मिनिट–"

"गप्प बस. उद्या बघायला आले लोक तर काय सांगू? हमाली करते म्हणून सांगू?"

मी तुझ्याकडे बघितलं. तू घड्याळ हातात धरून उभा होतास. एक शब्द हवा होता, मिलिंद. 'अप्पा, ती भारी पळाली' एवढा. तू खाली बघितलंस, आणि माझ्या पाठीवरून पिट्टू उतरवून आत नेलास.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वखारीत गेले आणि पिशवीत चोवीस किलो भरले. बसण्णांनी विचारलं, "वाढवलं काय?" मी म्हटलं, होय. घरी येऊन तुला सांगितलं, वीस.

ही ती फसवणूक. एक दिवसाची नाही. तू जाईपर्यंत, रोज, चोवीस. सकाळी तुझी वेळ ढासळताना मी घड्याळ बघायची आणि मला बरं वाटायचं. चक्क बरं वाटायचं. तू म्हणायचास, पायात काहीतरी झालंय. आई म्हणाली, पोराला नजर लागली. मी गप्प. अप्पांच्या राजाला ओझं झेपत नाही, हे रोज माझ्या हातातल्या घड्याळाच्या काट्यावर दिसत होतं. मत्सर मत्सर म्हणतात तो काही पोटात जळणारा वगैरे नसतो. मला तर रात्री छान झोप लागत होती.

आठ दिवसांनी तू गदग रोडच्या कडेला बसलास. पिट्टू न काढता. म्हणालास, "अक्का, मला जमत नाही. युनिटला कळवतो, नाव मागं घेतो म्हणून."

तेव्हा सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण माझ्या आत एक कुणी म्हणत होतं, राहू दे, जाऊ देच नको. मी तुला तिथंच टाकून पुढे चालायला लागले आणि मागे न बघता ओरडले, "ये मग वर्कशॉपात. अप्पांबरोबर डबा घेऊन जा."

त्या संध्याकाळी तू पिशवी घेऊन कुठंतरी जाऊन आलास. विचारलं तर म्हणालास, शिवण उसवली होती. आणि दुसऱ्या सकाळपासून तुझ्यात काय शिरलं कोण जाणे. एक अक्षर न बोलता पळालास. पंधरा दिवसांत त्या चोवीस किलोवर तू जुनी वेळ गाठलीस, मग ती मोडलीस. शेवटच्या आठवड्यात हुबळीहून धारवाडपर्यंत पळत आलास, मी पहिल्या बसनं पुढे येऊन केलगेरीच्या तळ्यावर थांबले होते. तू आलास, कपड्यांसकट पाण्यात शिरलास आणि पलीकडच्या काठावर निघालास. मला वाटलं, माझ्या शिव्या लागू पडल्या. मनात म्हटलं, चला, पापही झालं आणि उपकारही झाला.

तीन महिन्यांनी स्पेशल फोर्सची ती गडद लाल टोपी घालून आलास. गल्लीनं हार घातले. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पेढे वाटले. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "तिथलं ओझं हलकं वाटलं मला. आमच्या अक्काचा काटा कडक." लोक हसले. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि बराच वेळ माठापाशी उभी राहिले. तुला पाडायला घातलेली वाळू तुलाच लागू पडली होती. वाईट वागून सुद्धा माझ्या पदरात काही पडलं नाही, ते पण तुझंच झालं.

पुढची सगळी वर्षं तू ते वाक्य सांगत राहिलास. माझ्या लग्नात माझ्या सासरच्यांना सांगितलंस. अप्पांच्या शेवटच्या आजारात डॉक्टरला सांगितलंस. आणि एकटं गाठलंस की हळूच म्हणायचास, "तुला पण जमलं असतं, अक्का." त्यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायची, जमलं असतं म्हणू नकोस, मला ते ऐकायचं नाही. तू म्हणायचास, का गं, कौतुक करतोय की. मी म्हणायची, कौतुक तेव्हा करायचं होतंस, गल्लीत, अप्पांसमोर. मग तू बूट घालून फिरायला निघून जायचास. शेवटचं भांडण दिवाळीतलं. तेही तसंच अर्धवट राहिलं. तू उंबऱ्यात वळून काहीतरी बोलणार होतास आणि सुजातानं चहा आणला.

निवृत्त होऊन तू केलगेरीला घर बांधलंस, तळ्याच्या काठावर भरतीचा वर्ग काढलास. आधी पोरं. मग मुलींनाही जवान म्हणून घ्यायला लागले आणि तुझ्या वर्गात निम्म्या मुली झाल्या. मी एकदाच बघायला आले. वीस-बावीस पोरी पाठीवर पिट्टू घेऊन, पँटी घालून, दिवसाढवळ्या रस्त्यानं पळत होत्या आणि त्यांचे बाप मोटारसायकलवरून त्यांच्यामागे पाण्याच्या बाटल्या घेऊन येत होते. बाप! मी पोटात दुखतंय सांगून परतीची बस धरली. तुला वाटलं, मला कौतुक नाही. कौतुक होतं रे. पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी पोरींना मिळताना बघणं माझ्याच्यानं होत नव्हतं.

आता परवाचं ऐक.

घरासमोर मांडव होता. पांढरे कपडे, समोर मेणबत्त्या, तुझा तो टोपीतला फोटो. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. तू तर जाणतोस, आईनं आपल्याला बोलता येण्याच्या आधी ते शिकवलं होतं. माझा आवाज पहिल्यापासून मोठा, म्हणून बायकांमध्ये मीच पुढे म्हणत होते. चौथ्या शीलापर्यंत आले, खोटं न बोलण्याच्या, आणि माझा आवाज बंद झाला. नुसते ओठ हलत राहिले. सुजातानं माझा हात धरला. तिला वाटलं, दुःखानं.

मग लोक बोलायला उठले. तुझ्याबरोबरचे एक सुभेदार तुझ्या हिमतीबद्दल बोलले आणि अर्थात माझ्या कडक काट्याबद्दलही. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. त्यांच्यानंतर तुझी ती रेणुका उठली, नवलगुंदकडची, एकोणीस वर्षांची, अंगानं काडी. म्हणाली, "सर हेळ्तिद्दरु, निम्म चीला नीव तूगबेकु." तुमची पिशवी तुम्हीच तोला, असं सर सांगायचे. मग मराठी पाहुण्यांसाठी ती तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलायला लागली.

"सर म्हणत होते, दुसऱ्यानं तोललेलं घेऊ नका. त्यांचं एकदा चार किलो जास्त होतं री. त्यांना डाउट आला, एकटे वखारीत जाऊन तोलून बघितले. चोवीस होतं."

मिलिंद, मी अंगठ्यावरून नजर उचलली.

"आम्ही विचारलो, सर, मग वाळू काढून का नाही टाकली? सर म्हणाले, जिनं घातली ती स्वतः तेवढं घेऊन पळाली असती. मग मी काढलो तर हरलो की. म्हणाले, ती माझ्यापेक्षा जोरात पळत होती, ते बघून माझं पोट दुखत होतं. पळाली त्या दिवशी मी एक शब्द बोललो नाही, ते चार किलो त्याचेच होते म्हणाले."

शिवण उसवली होती म्हणालास ना मला? पस्तीस वर्षं! तुला ठाऊक होतं आणि तरी त्या सगळ्या लोकांत, त्या सगळ्या कार्यक्रमांत, 'आमच्या अक्काचा काटा कडक'? मला चिमटे काढत होतास की मी बोलावं म्हणून वाट बघत होतास? आणि तुलाही माझा हेवा वाटत होता, हे तू मला सोडून एका परक्या पोरीला सांगितलंस. मला तिथं मांडवात तिचा हेवा वाटला, मिलिंद. तुझ्या तोंडून जे ऐकायला मी म्हातारी झाले, ते तिला पिट्टूच्या धड्यात फुकट मिळालं. एकदा तरी दोघांनी समोरासमोर बसून सांगायचं होतं रे. मी भांडले असते, तू बूट घालून निघून गेला असतास, पण संध्याकाळी जेवायला तर आला असतास.

रेणुका म्हणाली, "नाव विचारलो आम्ही. सर सांगितले नाहीत."

मी उठले. गुडघा दुखत होता, खुर्चीला धरून उठले. म्हणाले, "ती मी. वाळू मीच घातली होती. त्याला मुद्दाम पाडायला घातली होती, चुकून नाही."

सुभेदारांनी चष्मा काढला. सुजाता माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी तिच्या नवऱ्याला आताच मारलं. मला वाटलं, रेणुका तरी तोंड फिरवेल. तिनं फिरवलं नाही. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझे पाय, माझे खांदे, आणि अगदी साधेपणानं विचारलं, "मग तुम्ही का नाही गेलात, अक्का?"

तिला खरंच माहीत नव्हतं. आमच्या वेळी असं काही होतं, की मुलींना फौजेत जवान म्हणून नावच देता येत नव्हतं, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. आणि मिलिंद, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. आईनं नाही, अप्पांनी नाही, नवऱ्यानं नाही. तू जमलं असतं, जमलं असतं म्हणत राहिलास, पण हे तूही कधी विचारलं नाहीस.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला रडू कोसळलं. बायका पुढे आल्या, कुणी पाणी दिलं, कुणी म्हणालं, रडू द्या तिला, एकुलता एक भाऊ होता. तुझ्यासाठी मी दहा दिवस रडत होतेच. हे मात्र तुझ्यासाठी नव्हतं.